टेफ्लॉन : एक शब्द, अनेक अर्थ

नळ बसवताना प्लंबर पाइपच्या आट्यांवर एक पांढरी, पातळ, गुळगुळीत पट्टी गुंडाळतो. पूर्वी या कामाला ताग आणि सफेदा लागे. आता लागतो तो 'टेफ्लॉन टेप'. स्वयंपाकघरातला काळा नॉन-स्टिक तवा म्हणजे 'टेफ्लॉनचा तवा'. प्रयोगशाळेत ब्युरेटची काचेची तोटी जाऊन पांढरी तोटी आली, तीही 'टेफ्लॉनची'. आणि 'टेफ्लॉनमुळे कर्करोग' असा मथळा वर्तमानपत्रात दिसला की तोही टेफ्लॉनच. इतक्या ठिकाणी भेटणारा हा शब्द दर वेळी एकाच पदार्थाविषयी बोलत असतो का?

नसतो. पदार्थाचे नाव हे कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचे उत्तर असते. हा पदार्थ काय काम करतो? तो कोण विकतो? तो कशापासून बनला? तो बनवताना काय वापरले? तो कोणत्या कुळातला? न चिकटणाऱ्या बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरांच्या, बाबतीत या पाच प्रश्नांना पाच वेगवेगळे शब्द उत्तर देतात : नॉन-स्टिक, टेफ्लॉन, पीटीएफई, पीएफओए आणि पीएफएएस. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की दोन गोष्टी घडतात. कधी विनाकारण घबराट पसरते, तर कधी विनाकारण निर्धास्तपणा येतो. हे शब्द एकामागून एक कसे आले, ते पाहिले म्हणजे हा गुंता सुटायला मदत होते.

वायू गेला कुठे?

फ्लोरिनयुक्त बहुवारिकांचा इतिहास १९३८ मध्ये सुरू झाला असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. खरे तर १९३४ मध्येच जर्मनीत श्लॉफर आणि शेरर या रसायनशास्त्रज्ञांनी क्लोरिन आणि फ्लोरिन दोन्ही असलेले एक बहुवारिक तयार केले होते. मात्र जगभर नाव झाले ते पुढच्या शोधाचे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ड्यूपॉन्ट कंपनीची जॅक्सन प्रयोगशाळा होती. तेथे रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांसाठी नवा वायू शोधत होता. त्याला कच्चा माल म्हणून टेट्राफ्लोरोएथिलीन हा वायू हवा होता. तो तयार करून छोट्या सिलिंडरांत भरून कोरड्या बर्फावर थंड ठेवलेला होता. ६ एप्रिल १९३८ च्या सकाळी प्लंकेट आणि त्याचा साहाय्यक जॅक रेबॉक यांनी एका सिलिंडरची झडप उघडली, तर वायू बाहेर येईना. सिलिंडर रिकामा म्हणावा, तर वजनात काहीच घट नव्हती. झडप तुंबली असेल म्हणून तार घालून पाहिली. शेवटी सिलिंडर करवतीने कापला. आत मेणासारखी लागणारी पांढरी पूड होती.

वायूचे रेणू आपसांत जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. या प्रसंगाला योगायोग म्हणण्याची पद्धत आहे. पण रिकामा वाटणारा सिलिंडर बाजूला ठेवून दुसरा उघडणे हा सोपा मार्ग होता. 'वजन कायम आहे, मग पदार्थ गेला कुठे?' हा प्रश्न विचारला गेला, म्हणून शोध लागला. द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवताना विद्यार्थ्यांना ही हकिकत जरूर सांगावी.

पूड विलक्षण होती. तिच्यावर आम्लांचा परिणाम होत नव्हता, अल्कलींचा होत नव्हता आणि नेहमीच्या कोणत्याही द्रावकात ती विरघळत नव्हती. कारण तिच्या रचनेत आहे. कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरिनच्या अणूंचे जणू घट्ट कवच असते. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध हा कार्बनी रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट एकेरी बंधांपैकी एक. त्यातून फ्लोरिनचा अणू आपले इलेक्ट्रॉन सहज हलू देत नाही. त्यामुळे शेजारच्या रेणूंशी होणारे आकर्षण अगदी क्षीण राहते. पाणी पसरत नाही, तेलही पसरत नाही. न चिकटण्याचे मूळ हे असे आहे.

प्लंकेटला १९४१ मध्ये पेटंट मिळाले, पण बाजारात काही आले नाही. पदार्थ फार महाग होता. त्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते युद्धामुळे. अणुबॉम्बसाठी युरेनियमची समस्थानिके वेगळी करताना युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा अत्यंत क्षरणकारी वायू हाताळावा लागे. तो ज्यांना खाणार नाही अशा चकत्या आणि सांधे हवे होते. तेथे खर्चाचा प्रश्न नव्हता. टेफ्लॉनचा शोध अंतराळ मोहिमांमुळे लागला, ही समजूत मात्र चुकीची आहे. नासा ही संस्था १९५८ ची, म्हणजे या शोधानंतर वीस वर्षांनी स्थापन झालेली.

बारसे दोनदा झाले

या पदार्थाचे रासायनिक नाव पॉलिटेट्राफ्लोरोएथिलीन. लांबलचक असले तरी ते फोडून पाहण्यासारखे आहे. 'पॉलि' म्हणजे अनेक, 'टेट्रा' म्हणजे चार. एथिलीनमधील चारही हायड्रोजनांच्या जागी फ्लोरिन घेतले की टेट्राफ्लोरोएथिलीन. त्याचे अनेक रेणू जोडले की आपला पदार्थ. आद्याक्षरे घेऊन पीटीएफई.

येथे चौकस विद्यार्थी एक शंका काढतो : एथिलीनमध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो, तो या बहुवारिकात कुठे आहे? शंका रास्त आहे. बहुवारिकात दुहेरी बंध उरलेलाच नसतो. साखळी जोडण्यात तो खर्ची पडतो. हे नाव पदार्थ आज कसा आहे ते सांगत नाही, तो कोणापासून जन्मला ते सांगते. आडनावात गावाचे नाव असावे तसे. कोल्हापूरकर आज कोल्हापुरातच राहत असतील असे नाही.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात टेट्राफ्लोरोएथिलीन वायू 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे, तर त्यापासून बनलेले पीटीएफई 'वर्गीकरण करण्याजोगा पुरावा नाही' अशा गटात आहे. 'पॉलि' ही दोन अक्षरे गाळली की अर्थ इतका बदलतो.

दुसरे नाव बाजारासाठी. टेट्रातला 'टे', फ्लोरोतला 'फ्लो' आणि नायलॉन, रेयॉन यांच्या चालीवरचा 'ऑन' मिळून 'टेफ्लॉन'. ड्यूपॉन्टने १९४५ मध्ये हे व्यापारचिन्ह नोंदवले. २०१५ पासून ते त्या कंपनीतून वेगळ्या झालेल्या केमूर्स कंपनीकडे आहे. म्हणजे टेफ्लॉन हे पदार्थाचे नाव नाही, मालाचे आहे. तोच पदार्थ इंग्लंडच्या आयसीआयने 'फ्लुऑन' म्हणून विकला, जर्मनीच्या होक्स्टने 'होस्टाफ्लॉन' म्हणून, जपानची डायकिन विकते 'पॉलिफ्लॉन' म्हणून. गुजरातमधील दहेज येथे तयार होणारे पीटीएफई 'इनोफ्लॉन' या नावाने विकले जाते. पण आपण जसे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा आणि कोणत्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणू लागलो, तसेच येथे झाले. प्लंबरच्या पिशवीतली पट्टी कोणत्याही कारखान्याची असो, ती टेफ्लॉन.

उलट दिशेनेही गोंधळ आहे. पीटीएफई ३२७ अंश सेल्सिअसला वितळते खरे, पण वितळल्यावरही वाहत नाही, इतके ते दाट असते. त्यामुळे नेहमीच्या प्लॅस्टिकप्रमाणे साच्यात ओतता येत नाही; पूड दाबून, तापवून, भाजून आकार द्यावा लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी रेणूची रचना थोडी बदलून वितळल्यावर वाहणारी भावंडे तयार केली गेली : १९६० मध्ये एफईपी आणि १९७० च्या दशकात पीएफए. तीही 'टेफ्लॉन' याच नावाने विकली गेली. म्हणून प्रयोगशाळेसाठी भांडे मागवताना नुसते 'टेफ्लॉन' लिहिले तर पांढरे, अपारदर्शक पीटीएफई येईल की त्याचे अर्धपारदर्शक भावंड, हे सांगता येत नाही. वापरता येण्याजोगे तापमानही दोघांचे सारखे नसते. आम्ही मागणीपत्रकावर रासायनिक नाव लिहितो ते त्यासाठीच.

न चिकटणारे चिकटले कसे?

जे कशालाच चिकटत नाही, ते तव्याला कसे चिकटवायचे? वर्गात हमखास येणारा हा प्रश्न १९५४ मध्ये मार्क ग्रेग्वार या फ्रेंच अभियंत्याने सोडवला. मासेमारीच्या गळाची दोरी गुंतू नये म्हणून तो पीटीएफई वापरत होता. 'तेच माझ्या भांड्यांना लाव की,' असे त्याच्या पत्नीने, कोलेतने सुचवले, असे सांगतात. ग्रेग्वारने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खरवडून त्यावर अतिसूक्ष्म खळगे पाडले, वर पीटीएफईचा थर दिला आणि भाजले. बहुवारिक खळग्यांत शिरून अडकून बसले. म्हणजे हे चिकटणे रासायनिक नाही, खुंटीसारखे अडकणे आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या कंपनीचे नाव टेफाल : टेफ्लॉनमधला 'टेफ' आणि ॲल्युमिनियममधला 'ॲल'. डिसेंबर १९६० मध्ये असे तवे न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात विकायला आले आणि पाहता पाहता 'नॉन-स्टिक' व 'टेफ्लॉन' हे समानार्थी शब्द झाले.

पण ते समानार्थी नाहीत. 'नॉन-स्टिक' हा शब्द फक्त गुण सांगतो, पदार्थ नव्हे. आजीने तेल लावून, तापवून, वर्षानुवर्षे वापरून तयार केलेला बिडाचा तवाही न चिकटणाराच असतो. गंमत अशी की तेथेही काम बहुवारिकच करते. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि काळा, कठीण थर बनतो. घावन त्यावरूनही अलगद सुटते, आणि त्यात फ्लोरिनचा एकही अणू नसतो. अलीकडे 'सिरॅमिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या नॉन-स्टिक भांड्यांवर सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्यावर आधारलेला थर असतो. तोही पीटीएफई नव्हे.

पीटीएफईच्या तव्याची मर्यादा तापमानाची आहे. सुमारे २६० अंशांपर्यंत तो निर्धोक वापरता येतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तापमान त्याच्या खूप वर जाऊ शकते, बहुवारिक तुटू लागते आणि निघणाऱ्या धुराने माणसाला तापासारखा आजार होऊ शकतो. या 'पॉलिमर फ्यूम फीव्हर'ची नोंद १९५१ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. पिंजऱ्यातील पक्षी तर या धुराने दगावतात. मात्र तव्याचा एखादा कपचा पोटात गेला, तर तो कशाशीही अभिक्रिया न करता बाहेर पडतो.

साबणासारखे एक रसायन

मग कर्करोगाच्या बातम्या आल्या कुठून? येथे चौथा शब्द येतो : पीएफओए, म्हणजे परफ्लोरोऑक्टेनॉइक आम्ल. त्याच्या रेणूत कार्बनचे आठ अणू असतात, म्हणून कारखान्यात त्याला 'सी-८' म्हणत. तव्यावरच्या थरासाठी पीटीएफईचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवावे लागतात. त्यासाठी साबणासारखे काम करणारे आणि तरीही अभिक्रियेत टिकून राहणारे रसायन हवे असते. ड्यूपॉन्ट १९५१ पासून या कामाला पीएफओएचा अमोनियम क्षार वापरू लागली. थर भाजताना तो बहुतांशी निघून जातो. तयार तव्यात तो नगण्य उरतो. पण कारखान्याच्या धुरांड्यातून आणि सांडपाण्यातून जो बाहेर जातो तो नष्ट होत नाही.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्ग येथे ड्यूपॉन्टचा कारखाना होता. जवळच विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरे एकामागून एक मरू लागली. १९९८ मध्ये त्याने रॉबर्ट बिलॉट या वकिलाला गाठले. दाव्यात कंपनीची कागदपत्रे उघडली गेली, तेव्हा 'सी-८' हे अक्षर-अंकाचे नाव प्रथम बाहेर आले. परिसरातील नागरिकांच्या दाव्यात २००४ मध्ये तडजोड झाली आणि तिच्यातून वैज्ञानिकांचे एक मंडळ नेमले गेले. सुमारे ६९ हजार लोकांच्या रक्ताचे नमुने आणि आरोग्याची माहिती यांच्या आधारे या मंडळाने २०१२ पर्यंत सहा आजारांशी पीएफओएचा संबंध असण्याचा संभव दाखवला. त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता. २०१९ मध्ये पीएफओएचा समावेश स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत झाला. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोगकारक ठरवले.

येथे शब्दांची अदलाबदल किती महागात पडते ते पाहा. 'टेफ्लॉन विषारी आहे' असे म्हटले की कंपनी उत्तर देते, 'तयार टेफ्लॉन निष्क्रिय आहे.' हे उत्तर खोटे नाही. पण पार्कर्सबर्गच्या लोकांचा प्रश्न तव्याचा नव्हताच, तो विहिरीच्या पाण्याचा होता. तव्याविषयीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर पाण्याविषयीच्या प्रश्नाला देता येत होते, कारण दोन्ही प्रश्नांत एकच शब्द होता.

कुळाचे नाव

पाचवा शब्द सर्वांत नवा आणि सर्वांत मोठा : पीएफएएस, उच्चारी 'पीफास'. पर- आणि पॉलिफ्लोरोअल्काइल पदार्थ असा त्याचा विस्तार. 'पर' म्हणजे साखळीतले सर्व हायड्रोजन बदलून फ्लोरिन आलेले, 'पॉलि' म्हणजे त्यांतले बरेच बदललेले. या 'पॉलि'चा बहुवारिकाशी संबंध नाही. एकच उपसर्ग दोन ठिकाणी दोन गोष्टी मोजतो, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. २०११ मध्ये काही संशोधकांनी मिळून या रसायनांची परिभाषा निश्चित करणारा निबंध लिहिला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. २०१८ मध्ये जोसेफ ॲलन या अमेरिकी प्राध्यापकाने त्यांना 'कायमची रसायने' म्हटले आणि ते नाव सर्वतोमुखी झाले.

२०२१ मध्ये ओईसीडी या संघटनेने दिलेल्या व्याख्येनुसार ज्या रेणूत एक जरी कार्बन पूर्ण फ्लोरिनयुक्त असेल, तो पीएफएएस. या व्याख्येने पीएफओए तर कुळात आहेच, पण पीटीएफईही आहे. वाद नेमका येथे पेटला. उद्योगांचे म्हणणे असे की पीटीएफईचा रेणू प्रचंड मोठा, तो पेशीत शिरूच शकत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या लहान रेणूंबरोबर त्याला एका पंगतीत बसवू नये. दुसऱ्या बाजूचे संशोधक म्हणतात की पदार्थाचे आयुष्य तव्यापुरते नसते. तो बनवताना काय बाहेर पडते आणि टाकून दिल्यावर किंवा जाळल्यावर काय होते, तेही मोजावे. दोन्ही बाजूंना पीटीएफईचे गुणधर्म मान्य आहेत. वाद आहे तो एका शब्दाची वेस कोठे आखायची याचा, आणि त्या वेशीवर कायदे ठरणार आहेत. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी मांडलेल्या निर्बंधांच्या प्रस्तावात फ्लोरिनयुक्त बहुवारिकेही आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेली स्वयंपाकाची भांडी विकण्यास बंदी आहे.

लेबल वाचताना

आता दुकानातला तवा हातात घेऊ. त्यावर ठळक अक्षरांत 'पीएफओए-फ्री' लिहिलेले असते. हे खरे असू शकते; पण ते चौथ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तव्यावर पीटीएफई आहे की नाही, किंवा पीएफओएच्या जागी काय वापरले, हे त्यातून कळत नाही. ड्यूपॉन्टने त्या जागी 'जेनएक्स' आणले, तर २०१७ मध्ये ते अमेरिकेतील केप फिअर नदीच्या पाण्यात सापडल्याची बातमी आली, तेही पीएफएएसच. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात अशी तरतूद आहे की भांड्यात एका कुळातले एखादे रसायन मुद्दाम घातलेले असेल, तर त्याच कुळातले दुसरे रसायन नाही अशी जाहिरात करता येणार नाही. शब्दांच्या वापरावर केलेला हा कायदा आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. इटलीतील त्रिस्सिनो येथील मितेनी हा कारखाना पीएफओए आणि तत्सम रसायने बनवी. त्याच्या परिसरातील भूजल दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले, २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तिच्या माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आणली. यंत्रे आली म्हणजे तीच रसायने बनतात असे ठरत नाही, आणि प्रदूषण होते असेही नाही. ते तपासूनच ठरवावे लागेल. पण तपासायचे तर विचारायचे काय? 'येथे टेफ्लॉन बनते का?' असे विचारले तर 'नाही' हे उत्तर पूर्ण खरे असेल आणि पूर्ण निरुपयोगीही. कोणती फ्लोरिनयुक्त संयुगे बनतात, ती पीएफएएसच्या व्याख्येत बसतात का, आणि सांडपाण्यात त्यांची मोजणी कोण करते, हे विचारले तर उत्तराला काही अर्थ येईल.

वर्गात एक साधा उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांना घरातील तवे, कढया, टेप, पावसाळी कपडे यांच्या वेष्टनांवरचे शब्द उतरवून आणायला सांगावे. फळ्यावर पाच रकाने आखावेत : गुणाचे नाव, मालाचे नाव, पदार्थाचे नाव, निर्मितीत वापरलेल्या रसायनाचे नाव आणि कुळाचे नाव. प्रत्येक शब्द त्याच्या रकान्यात बसवावा. बहुतेक वेष्टनांवर पदार्थाच्या नावाचा रकाना रिकामाच राहील. तो रिकामा का राहिला, यावर मुलांना बोलू द्यावे.